आक्कांची एकच संक्रांत

आक्कांना थंडी वाजत नाही, असे आमच्या घरात सगळ्यांनी धरूनच ठेवले होते. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला, तशा त्या नंदिगड्डा गावाच्या वरच्या अंगाला आमच्या घरी, भावाकडे आल्या आणि वीस वर्षे तिथेच राहिल्या. पौषात कुणी घोंगडी पुढे केली तर म्हणत, "मला न्हाई वाजत. पोरांस्नी घाला." दुसऱ्यांदा कुणी विचारत नसे. दुसऱ्यांदा विचारले असते तर घोंगडी खरोखरच द्यावी लागली असती, आणि घरात माणसांपेक्षा घोंगड्या कमी होत्या.

मी उठायच्या आत त्यांचा गोठा झाडून झालेला असे, चुलीवर पेज शिजत असे, आणि आक्का उखळापाशी भात कांडत असत. मी ओशाळून मुसळ घ्यायला गेले की म्हणत, "हात चालता ऱ्हावा गं पारू, म्हंजी गार पडत न्हाई." कष्टाळू बाईचे बोलणे म्हणून मी ते माझ्या मुलींनाही सांगत असे. त्यात त्या स्वतःबद्दल काही सांगत होत्या, हे माझ्या ध्यानात आले नाही.

संक्रांतीला आमच्याकडे नदीकाठच्या सुप्याला जायचा रिवाज होता. पहाटे गाडी जुंपायची, नदीवर आंघोळ करायची, काठच्या कातळावर पोरांना उन्हात बसवून जेवायचे, एक मुक्काम करून परत यायचे. घरचे सगळे जात. आक्का मागे राहत. रानातले वाघरू थंडीत खाली उतरते, गोठ्याला माणूस हवेच. शिवाय हळदीकुंकवाच्या सणाला विधवा बाईने पुढे कशाला यायचे, हे कुणी बोलत नसे, पण सगळ्यांच्या मनात असे. आक्काच आपणहून म्हणत, "जनावरांस्नी सण कळत न्हाई, भूक कळती." तांदळाच्या भाकऱ्या आणि तिळाची चटणी बांधून देत. आम्ही परतलो की एवढेच विचारत, "नदीला पानी किती हुतं?" कुणीतरी गुडघाभर म्हणे, कुणी मांडीभर. त्या मान हलवून कामाला लागत.

मग ते कडाक्याच्या थंडीचे साल आले. खोबरेल तेल भर दुपारीही थिजलेलेच राही. एक वासरू गारठून मेले. पोरांच्या टाचा फुटून रक्त येई. माझे तिसरे मूल चार महिन्यांचे होते, ते खोकून खोकून दूध ओकायचे. मी इतकी दमले होते, की भाकरी थापताना डोळे मिटत. संक्रांत आली तेव्हा मी म्हटले, "आक्का, औंदा तुमी जावा. मी ऱ्हाते."

यात माझा मोठेपणा काही नव्हता. मला रिकामे घर आणि दोन दिवसांची झोप हवी होती.

आक्का नाही म्हणाल्या. मग ह्यांनीही म्हटले, "जा की आक्का, एक डाव." त्या गाडीत मागच्या बाजूला, पोरांच्या पलीकडे, पाहुण्या बाईसारख्या अंग चोरून बसल्या.

मला झोप मिळाली नाही. अकरा जनावरे, ओढ्याचे पाणी, शेण, वैरण, कडेवर खोकणारे मूल. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दाराच्या उंबऱ्यावर बसून रडले. आक्का हे वीस वर्षे करत होत्या, वर दहा माणसांची पेज.

परतल्या त्या वेगळ्याच. नदीवर त्यांची धाकटी जाऊ भेटली होती, खानापूरकडची. तीही एकटीच उरली होती. ती म्हणाली होती, आमच्याकडे चल. भांडी घासता घासता आक्कांनी मला हे सांगितले. "दोनच मानसं हुतील. येक म्हस हाय." मग म्हणाल्या, "पारू, जाऊ का गं?"

वयाने एवढी मोठी बाई मला विचारत होती. मला गोठा दिसला, ओढा दिसला, उखळ दिसले. मी म्हटले, "थंडी सरू द्या, आक्का. मग जावा."

"व्हय," म्हणाल्या, आणि शेणाची पाटी उचलून गेल्या.

चौथ्या दिवशी सकाळी मी ओढ्यावर गेले. आक्का घोटाभर पाण्यात पाठमोऱ्या उभ्या होत्या. घागर भरून ओसंडत होती, त्यांचे लक्ष नव्हते. जवळ गेले तर त्यांचे दात वाजत होते. दातांचा आवाज मला पाण्याच्या खळखळाटातूनही ऐकू आला.

"आक्का, थंडी वाजतीया व्हय?"

त्या दचकल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "कवाची वाजतीया गं. लई वरसं झाली."

मी त्यांच्या हातातली घागर घेतली. दुपारी त्यांचे गाठोडे मीच बांधले. दोन लुगडी आणि एक तांब्या, तेवढेच होते. हे चिडले. म्हणाले, "घरचं कोन बघनार?"

"मी बघीन," मी म्हटले. काय बोलत होते ते मला पुरते ठाऊक होते.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी गाडी जुंपली. माझी घोंगडी मी त्यांच्या अंगावर घातली. त्यांनी दोन्ही हातांनी ती गळ्याशी घट्ट धरली.

पुढची वर्षे माझी कशी गेली ते काय सांगू. तिशीतच कंबर वाकली. आक्कांना घालवल्याचा राग मला कितीदा आला, हेही खरे. चार वर्षांनी त्यांच्याकडे गेले, तेव्हा दोघी जावा मिरच्या निवडत कुणाची तरी नक्कल करून हसत होत्या. आक्कांना मी तोवर हसताना पाहिले नव्हते. निरोप देताना वेशीपर्यंत आल्या, माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "माझं समदं तुझ्या हातांवर आलं की गं." मग बराच वेळ माझे हात सोडले नाहीत.

त्या गेल्याचा निरोप आला तो पौषातच, सकाळी. मी भात कांडत होते. निरोप्याला पाणी दिले, मुसळ भिंतीला टेकवले आणि परसात गवताच्या गंजीपाशी, जिथे ऊन पडले होते, तिथे जाऊन बसले. ह्यांनी हाक मारली. मग सुनेने मारली. गोठ्यात गाय हंबरत होती. ऊन सरकत गेले तशी मीही सरकत गेले, पण संध्याकाळपर्यंत उठले नाही.