नाउरूची माती आणि वहिनींची वाडी

मी माझ्या वहिनीशी खोटं बोललो, आणि ते खोटं भूगोलाचं होतं. गावात आजही लोक समजतात की मास्तरचा अंदाज चुकला. अंदाज वगैरे काही नव्हता. खरं काय ते मला पक्कं ठाऊक होतं. त्याच दिवशी सकाळी आठवीच्या वर्गात मी ते फळ्यावर लिहून आलो होतो, आणि संध्याकाळी घरी येऊन बरोबर त्याच्या उलटं सांगितलं.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं ती. सिंदी रेल्वे या बाजारगावापासून सायकलने जाता येईल इतकं आमचं गाव. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, कापूस आणि तूर पाहायचा. मी वर्ध्याजवळच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायचो आणि रोज गाडीने ये-जा करायचो. कापसाचं वावर काळ्या मातीचं होतं, पण नाल्याच्या वळणावर आमचा एक लहानसा तुकडा होता तिथली माती निराळी. पिवळसर, मऊ, हातात घेतली तर पिठासारखी. पोयट्याची. त्या तुकड्याला घरात 'वाडी' म्हणत आणि ती वहिनींची असं सगळे धरून चालत. तिथे त्या वांगी, पालक, मिरच्या आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावायच्या आणि बाजाराच्या दिवशी सिंदीला नेऊन विकायच्या. वांगी हिरवी, पांढऱ्या रेघांची. भाजली की साल आपोआप सुटायची. बाजारात बाया आधी वहिनींच्या पालापुढे थांबायच्या आणि मग पुढे जायच्या. वहिनी घरात फारशा बोलायच्या नाहीत. बाजारात मात्र त्यांचा आवाज मोठा व्हायचा, आणि मला तो ऐकायला आवडायचं.

मला शॉर्टवेव्हचा नाद होता. सकाळी अंघोळीआधी ऑस्ट्रेलियाचं इंग्रजी केंद्र खरखरत लागायचं. तिथे मी पहिल्यांदा नाउरूचं नाव ऐकलं. मग शाळेतला जुना नकाशा काढून भिंग लावलं. विषुववृत्ताच्या किंचित खाली, पॅसिफिकच्या निळ्या रंगात, माशी बसून गेल्यासारखा एक ठिपका. सकाळी सायकलवर निघालं तर जेवणाच्या आत अख्ख्या देशाला फेरी मारून घरी येता येईल, एवढाच. काठाने नारळाची हिरवी पट्टी आणि आत उंचवटा. त्या उंचवट्यात फॉस्फेट. फार जुन्या काळी समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेपासून ते झालं असं तेव्हा सांगत. बंदर नाही, म्हणून बोटी किनाऱ्यापासून दूर बांधून ठेवायच्या आणि लांब लोखंडी हातांनी ते खनिज त्यांच्यात ओतायचं. ते दूरदेशच्या शेतात खत होऊन पडायचं. त्या पैशावर देश चालायचा. लोकांवर कर नाही, दवाखाना फुकट, शिक्षण फुकट. अन्न बोटीने यायचं, आणि पाऊस कमी पडला तर पाणीसुद्धा.

हे सगळं मी पानठेल्यावर रंगवून सांगायचो.

"म्हणजे मास्तर, पाखराच्या हगणीवर देश चालून राह्यला?" पानठेलेवाल्याने एकदा विचारलं.

"चालून राह्यला."

"मंग आपल्या गावात कावळे का कमी हायेत? उद्यापासून राज्य आपलं. तुमी परधान, अन् मी खजिनदार."

सगळे हसले. मीही हसलो. पण ती गोष्ट माझ्या डोक्यात दुसऱ्याच कामासाठी घोळू लागली होती.

वर्ध्याला लागून बोरगाव मेघेला तेव्हा प्लॉट पडत होते. गाडीची ये-जा, गावातली कंदिलाची खोली, यांचा मला कंटाळा आला होता. मला शहराच्या कडेला माझं घर हवं होतं. नेमका त्याच उन्हाळ्यात एक भट्टीवाला नाल्याकाठची माती पाहत आमच्याकडे आला. विटांना पोयटा लागतो. वाडीतली माती त्याने मुठीत दाबली, उघडली, पुन्हा दाबली, आणि दादाला भाव सांगितला. दादा म्हणाला, "वाडी हिची हाय. ही म्हणन तसं."

संध्याकाळी ओसरीवर दादा, मी आणि चुलीपुढे वहिनी. मी विषय काढला.

"एक अख्खा देश माती विकून खाते, वैनी. तिथं कोनाले उन्हात राबा लागत नाई."

"अन् ते वांगी कुठं लावते, भाऊजी?"

"त्यायचं सारं बोटीनं येते. डब्यातून."

"डब्यातलं वांगं!" वहिनींनी भाकरी उलटली. "बाप्पा, त्याचं भरीत कसं करत असतीन?"

दादा खो खो हसला. वहिनींनी मात्र माझ्याकडे पाहिलं. "थट्टा राहू द्या. माती गेल्यावर माह्या वाडीत काय राहीन?"

इथे मी थांबू शकलो असतो. सकाळी फळ्यावर मी लिहिलं होतं की बोटभर माती तयार व्हायला कित्येक पिढ्या जातात. आमचा नाला वरच्या मुरमाड टेकड्यांतून उतरतो, पुराबरोबर तो रेती आणि गोटे आणतो, हेही मला माहीत होतं. वाडीतला पोयटा फार पूर्वीचा, नाल्याचं वळण वेगळं असतानाचा होता. पोरांना तेच वळण दाखवायला मी एकदा सहल घेऊन आलो होतो. वहिनींनी त्या पोरांना गूळ-फुटाणे दिले होते.

मी म्हणालो, "दीड हात माती जाईन. दोन पावसाळे नाल्याले पूर आला का आपसूक भरून निघन. नवा पोयटा, पह्यल्याहून चांगला."

"खरं म्हणता?"

"मी भूगोल शिकवतो, वैनी."

दादा म्हणाला, "मास्तर म्हणते तं असनच. आपण तं चौथीतून पळालो."

वहिनींनी तव्यावरची भाकरी उतरवली. मग म्हणाल्या, "काढू द्या मंग. भाऊजींले घर लागते."

म्हणजे माझं घर त्यांना आधीपासून कळलेलं होतं. मी त्याचं नावही काढलं नव्हतं.

पोळ्याच्या कितीतरी आधी वाडी रिकामी झाली. भट्टीवाल्याच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, रोज यायच्या. दीड हाताचं बोलणं होतं, पण खाली मुरूम लागेपर्यंत ते थांबले नाहीत. दादा भांडला. भट्टीवाला म्हणाला, "वरचं गेलं, तं खालचं ठेवून काय त्याची पूजा करता?" दादाने जवळजवळ सगळा पैसा माझ्या हातात ठेवला. मी नको म्हटलं, पण ते एकदाच, आणि हळू आवाजात.

त्या पावसाळ्यात वाडीत पाणी तुंबलं. बेडकं झाली, मग शेवाळ, आणि दिवाळीला तळ उघडा पडला तेव्हा वर नुसती जाड रेती. वहिनींनी बाभळीची एक खुंटी त्या खड्ड्यात ठोकली आणि कोयत्याने तिच्यावर खाच पाडली. माती किती चढते ते कळावं म्हणून. दर दिवाळीला मी गावी आलो की त्या मला तिथे न्यायच्या. मी वाकून पाहायचो.

"यंदा पूर मोठा नव्हता," मी म्हणायचो. "येईन, वैनी. येईन."

असं मी एकदा नाही, वर्षानुवर्षं म्हणालो.

बोरगावचं घर झालं. विटा त्याच भट्टीच्या घेतल्या, कारण त्याने ओळखीने स्वस्त लावल्या. मागच्या भिंतीला गिलावा करायचा राहून गेला होता. वास्तूच्या दिवशी वहिनी सगळं घर फिरून मागे आल्या, उघड्या विटेवर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "माह्या वाडीत आता तुमी झोपता, भाऊजी." आणि हसल्या. टोमणा नव्हता तो, खरीखुरी थट्टा होती. पुढच्याच आठवड्यात मी त्या भिंतीला गिलावा करून घेतला.

वहिनी बाजार सोडायला तयार नव्हत्या. त्या दुसऱ्यांची वांगी विकत घेऊन आपल्या पालावर मांडू लागल्या. एका बाजाराच्या दिवशी मी सायकल धरून जवळच उभा होतो. एका जुन्या गिऱ्हाईक बाईने वांगं उचललं, देठाशी दाबलं आणि परत ठेवलं.

"हे तुह्यं नव्हे, माय."

"तुले का वास येते?"

"नाई, पण हे तुह्यं नव्हे. तुह्या वाडीचं काय झालं?"

"आमच्या मास्तरनं हिसाब लावला, पण पूर काई आला नाई. त्यायचा का दोष? पुराचं कोन सांगन?" वहिनी मोठ्या आवाजात म्हणाल्या. तो त्यांचा बाजारातला आवाज होता, आणि तो माझ्या बाजूने भांडत होता. मला पाहून त्यांनी पालाकडे बोट केलं. "घेऊन जा जी पावभर, मास्तरनीले सांगा भरीत कर."

मी घेतली. घरी बायकोने भरीत केलं. मी भूक नाही म्हणून उठलो.

पुढे एकदा शाळेतल्या एका सहकाऱ्याने जुनं इंग्रजी मासिक आणलं. त्यात नाउरूच्या आतल्या भागाचा फोटो होता. खनिज काढून झाल्यावर उरलेली जमीन. तूर कापल्यावर वावरात धसकटं उरतात तशी, पण माणसाहून उंच, राखाडी दगडाची टोकं, क्षितिजापर्यंत. त्यांच्यामधून माणूस चालूसुद्धा शकणार नाही. लोक सगळे काठच्या हिरव्या पट्टीवर राहायचे आणि आतल्या एका लहान तळ्याभोवती थोडी केळी वगैरे व्हायची. सहकारी म्हणाला, "मूर्ख लोक. बसल्या फांदीवर कुऱ्हाड."

मला ते सहन झालं नाही. मी त्याला म्हटलं की त्यांचं राज्य त्यांच्या हाती यायच्या कितीतरी आधी परक्यांनी ते बेट खणायला घेतलं होतं. त्यांना कोणी विचारलं होतं? मी जोरजोरात बोलत होतो. स्टाफरूममध्ये सगळे माझ्याकडे पाहू लागले. त्या लोकांची बाजू मी मनापासून घेत होतो, पण घेता घेता लक्षात येत होतं की आमच्या घरी मात्र विचारलं होतं. वहिनींनी स्पष्ट विचारलं होतं, माती गेल्यावर काय राहीन. आणि उत्तर देणारा घरचाच होता.

ऐंशीचं दशक अर्धं उलटलं असेल. त्या उन्हाळ्यात गावचा तलाव पार आटला आणि लोक तळातला गाळ बंड्या भरभरून वावरात नेऊ लागले. पाऊस पडेपर्यंतच ती संधी. दादाने बोरगावला निरोप पाठवला की लगेच ये. गेलो, तर दादा वैतागलेला.

"मी म्हणतो गाळ वाडीत टाकू. खड्डा भरते, हिची वांगी होते. तं ही म्हणते, कापसाच्या वावरात टाका, वाडी पुरानं भरते, गाळ कायले वाया घालता. लय डोकं खाल्लं म्यां. तिले तुहंच पटते. तूच सांग बाबू."

वहिनी वाडीवर होत्या. मी तिकडे गेलो. खड्ड्याच्या एका कोपऱ्यात त्यांनी चुलीची राख, शेणकूर, अंगणातला केर आणून आणून टोपलीभर जागा तयार केली होती. तिथे वांग्याची चार रोपं होती, मान टाकलेली. त्या खुंटीपाशी बसल्या होत्या. केस बरेच पांढरे झालेले. खाच होती तिथेच होती, रेतीच्या खूप वर.

"या भाऊजी," त्या म्हणाल्या. "हे म्हणते गाळ टाका. तुमी सांगा, अजून किती पूर लागन?"

त्यांनीच पुढे मला वाट करून दिली.

"मले वाटते, वर तो बंधारा बांधला न, त्यानंच अडलं. नाईतं आतालोक भरलं असतं तुमी म्हणलं तसं. तुमचं बरोबरच होतं. नाई का?"

बंधारा खराच झाला होता. मी फक्त हो म्हणायचं होतं. वाडीत गाळ पडला असता, वांगी पुन्हा लागली असती, माझं नाव तसंच राहिलं असतं, आणि दादाचं कामही झालं असतं. मी तोंड उघडलं ते हो म्हणायलाच, हे इथे लिहून ठेवतो.

वहिनींनी पदराने खुंटीवरची धूळ पुसली. खाच नीट दिसावी म्हणून.

मी खाली रेतीत त्यांच्यासमोर बसलो.

"बंधाऱ्यानं नाई, वैनी. हा नाला माती आणतच नाई. रेती आणते. कितीबी पूर आले तरी वाडी भरणार नव्हती."

"मंग तवा तुमचा हिसाब चुकला?"

"चुकला नाई. मले मालूम होतं."

"तवाच?"

"तवाच. त्याच दिवशी सकाळी पोरायले शिकवून आलतो. मले बोरगावचा प्लॉट पाहिजे होता, म्हणून तुमाले खोटं सांगतलं. मंग दर दिवाळीले येऊन या खुंटीपाशी पुन्हा सांगतलं. बाजारात तुमी माही बाजू घेतली, तवाबी मी चूप राह्यलो. गाळ टाकू द्या, वैनी. अन् जमन तं मले माफ करा."