नापासाची पाळी

अप्रेझल हा शब्द ऐकला की माझं डोकं आजही तापतं. नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी सुपरवायझर होतो. माझ्या हाताखाली दहा माणसं. दर मार्चला पुण्याच्या हेड ऑफिसातून त्यांचे दहा फॉर्म यायचे आणि सोबत हुकूम: दहातल्या एकाला ‘असमाधानकारक’ द्यायचंच. दहाही जण चोख असले तरी! उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या त्या मंडळींनी कधी लेथ मशीनवर हात काळे केले असतील तर शपथ.

आम्ही त्यावर आपला गावठी तोडगा काढला. कॅनॉलच्या पाण्याची जशी पाळी असते, तशी नापासाची पाळी लावली. ज्याची पाळी त्याने शेरा घ्यायचा, बाकीच्यांनी त्याला मिसळ खाऊ घालायची. शेऱ्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं, म्हणून सगळे हसायचे. मीही हसायचो. कारणाच्या रकान्यात दरवर्षी एकच वाक्य उतरवायचो: कामात लक्ष नाही.

एका वर्षी पाळी आली आमच्या सेटरची. मूळचा काष्टीचा माणूस, मशीन लावून देण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या हातचा एक पीस कधी परत आला नाही. फॉर्म गेले आणि आठवड्याने बोर्डावर नोटीस लागली: लाइन इनचार्जची जागा भरायची आहे, ‘असमाधानकारक’ शेरा असलेल्यांचा विचार होणार नाही. त्या जागेवर हक्क त्याचाच होता.

मी धावत मॅनेजरांकडे गेलो, पाळीचं सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, “फॉर्म पुण्याला गेलेत. आता बदलायला सांगितलं तर मी काय उत्तर देऊ?”

मग सेटरच्या रिव्ह्यूची मीटिंग, मीही समोर बसलेला. वर्षभराच्या घामाला पाच मिनिटं, त्यातली दोन मिनिटं मॅनेजर फोनवर! फोन ठेवून त्यांनी माझं वाक्य वाचून दाखवलं.

सेटर म्हणाला, “कुठं लक्ष न्हाई तेवढं सांगा साहेब. एक पीस दाखवा.”

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे बघत बसलो.

“सुधारणा करा, पुढच्या वर्षी बघू,” ते म्हणाले.

नियम करणाऱ्यांची चीड येते, मॅनेजरांची येते, पण सगळ्यात जास्त माझी स्वतःची येते. बाहेर आल्यावर मी पुटपुटलो, “पाळी होती ना, म्हणून...”

“पाळी मीच कबूल केल्ती,” तो म्हणाला. “पर आत ‘ह्यो मानूस चांगला हाय’ एवढं बी तुमी म्हनला न्हाईत.”

जागा दुसऱ्याला मिळाली. नव्या इनचार्जला लाइनचं काम कोण शिकवेल, असं मॅनेजरांनी मला विचारलं. मी क्षणाचाही विचार न करता सेटरचं नाव घेतलं. म्हटलं, त्याच्याइतका चांगला माणूस आपल्याकडे दुसरा नाही.