आईला किळस नसते

धाकट्याच्या बाळंतपणानंतर माझा लघवीवरचा ताबा सुटला. शिंकले, हसले, भजनात आवाज चढवला की साडी ओली व्हायची. शेवटी मी भजनी मंडळात जाणंच सोडलं; गुडघे दुखतात म्हणून सांगत राहिले. नामस्मरण चुकत नव्हतं, पण असल्या अंगाने देवीपुढे कसं बसावं, हे मनातून जात नव्हतं.

एका नवरात्रात नरखेडकडे माहेरी गेले होते. देवळात आरती चाललेली आणि मी बाहेर पारावर. शेजारी एक अनोळखी म्हातारी येऊन टेकली.

"आत काहून नाही जात वं?"

जे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, ते तिला सांगून टाकलं. ती खळखळून हसली. "अवं, मायले लेकराच्या ओल्या लंगोटाची किळस येते काय? जा, पाया पड. अन् डॉक्टरले दाखव. देवीनं काय दवाखान्यात जायले मना केलं?"

आत जाऊन मी मनसोक्त रडले. बाहेर आले तर ती नव्हती. गावात विचारलं, कुणालाच तिची ओळख पटेना. मी त्याचा अर्थ लावत बसले नाही.

नागपूरला परतल्यावर नवऱ्याला सारं सांगितलं. "इतके वर्सं एकटीच सोसून राहिली होती?" म्हणत ते मला सदर भागातल्या एका डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. व्यायामाने, औषधाने भागलं नाही. तेव्हा त्यांनी स्टेम सेलच्या उपचाराबद्दल सांगितलं: मांडीच्या स्नायूचा इवलासा तुकडा काढायचा, त्यातल्या मूळ पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि लघवी रोखणाऱ्या स्नायूत सुईने सोडायच्या. "यावर अजून अभ्यास चालू आहे. गुण येईलच असं वचन देत नाही," त्या म्हणाल्या. तरी मी हो म्हटलं. दवाखान्यातल्या टेबलावर आडवी झाले तेव्हा भीतीने नवसही सुचला नाही. एवढंच म्हटलं, आई, तू अन् डॉक्टरबाई मिळून पाहून घ्या.

काही महिने फरक दिसेना. मग एका सकाळी मिरचीच्या फोडणीने सटासट शिंका आल्या, आणि मी कोरडी! मी एवढ्यानं ओरडले की नवरा धावत आला.

"काय झालं वं?"

"काहीच नाही झालं! काहीच नाही!"

आता मंडळात जाते. बायांना खरं कारण सांगितलं. मग एकीने हळूच विचारलं, "मले नेशील त्या डॉक्टरबाईकडे?" पाठोपाठ आणखी दोघी. आम्ही इतक्या हसलो की भजन सुरू व्हायलाच उशीर झाला.

सर्दीत अजून कधीतरी थेंब येतो. त्याची लाज वाटत नाही. शरण जाणं म्हणजे दुखणं झाकून हात जोडणं, असं मी समजत होते. लेकरू काय झाकतं? भोकाड पसरतं, आणि आई उचलून घेते.