युद्ध संपल्यानंतरचा भाग

कॉलेजात संस्कृतला विद्यार्थी उरले नाहीत, तेव्हा मी नोकरी सोडली. पुढं काय करायचं ते ठरलं नव्हतं. माझा एक जुना विद्यार्थी एके दिवशी घरी आला. शिरोली एमआयडीसीत वडिलांची फाउंड्री असताना त्यानं राजारामपुरीत दोन खोल्या घेऊन मोबाइल गेम बनवायचं काम सुरू केलं होतं. एका संस्कृत महाकाव्यावर गेम करायचा होता आणि त्यातलं एक अक्षरही त्याला आठवत नव्हतं.

"मॅडम, गोष्ट तुम्ही सांगा, बाकीचं आम्ही बघतो," तो म्हणाला.

गोष्ट सांगणं सोपं होतं, तिचे तुकडे करणं अवघड. काव्यात योद्धा धनुष्य उचलण्याआधी कितीतरी वेळ नुसता विचार करतो. गेममध्ये त्या विचाराला जागाच नव्हती, बोट हललं की बाण सुटला पाहिजे. मी हळूहळू सोडून द्यायला शिकले. ऋतूंची वर्णनं गेली, वंशावळी गेल्या, उपदेश गेले. उरलं ते युद्ध.

त्याच सुमारास माझ्या वहिनी दाताच्या उपचारासाठी माझ्याकडे राहायला आल्या होत्या. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं गाव. माझा थोरला भाऊ फौजेत होता, सरहद्दीवर लढताना गेला. त्यानंतर वहिनींनी शेत आणि म्हशी सांभाळून मुलीला वाढवलं, तिचं लग्न केलं. भावाबद्दल त्या कधी बोलत नसत, म्हणून आम्हीही विषय काढत नव्हतो.

दाताचा दवाखाना ऑफिसजवळच होता. एका दुपारी दवाखान्यातून निघाल्यावर मी त्यांना ऑफिसात घेऊन गेले. चित्रं काढणारी मुलगी युद्धाचा भाग खेळून बघत होती. वहिनी तिच्या मागं उभ्या राहिल्या. स्क्रीनवर सैनिक पडत होते आणि पडले की विरून जात होते.

"ही पडल्याली माणसं कुठं जात्यात?" वहिनींनी विचारलं.

"नाहीशी होतात, काकी," मुलगी म्हणाली. "सगळी तशीच ठेवली तर फोन अडकतो."

"समदीच?"

"हो, सगळीच."

 चहा आला, तो वहिनींनी अर्धाच घेतला. मला वाटलं, दात दुखत असेल. घरी जाताना रिक्षात त्या बाहेर बघत म्हणाल्या, "वन्सं, तुमच्या भावाचं तोंड मला बघू दिलं न्हाय."

भावाची शवपेटी गावी आली त्या दिवशी मी तिथंच होते. सोबत आलेल्या फौजेतल्या साहेबांनी हात जोडून सांगितलं होतं, उघडू नका. आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. पण वहिनींना कुणी विचारलं होतं का, हे मला काही केल्या आठवेना.

"झेंडा काढल्यावर मी लाकडावर हात ठेवला," त्या म्हणाल्या. "गुळगुळीत लाकूड होतं. अजूनबी कवा कवा वाटतं, त्यात ते नव्हतेच."

मी त्यांचा हात धरला. 

त्या महाकाव्यात युद्ध संपल्यावर बायका रणांगणावर येतात आणि आपापली माणसं शोधतात. वर्षानुवर्षं मी तो भाग वर्गात शिकवला होता, समास सोडवत, अलंकार दाखवत. गेमसाठी मात्र मीच तो पहिल्या आठवड्यात वगळला होता. आता तो परत लिहून काढला आणि विद्यार्थ्यापुढं ठेवला.

त्यानं तो वाचून काढला. मग म्हणाला, "मॅडम, जिंकल्यावर रडायला कोण थांबतंय?"

"काव्य थांबलंय की."

शेवटी तो तयार झाला. भाग लहान असावा आणि ज्याला नको असेल त्याला वगळता यावा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. चित्रकार मुलीनं मैदानावर धुकं पसरलं, म्हणजे एका वेळी थोडेच देह दिसतील आणि फोन अडकणार नाही. खेळणारा इथं एक बाई होतो. हातात पाण्याचा तांब्या, शस्त्र नाही. चालत चालत नवऱ्याला शोधायचं, सापडला की त्याचं तोंड पुसायचं. तिथं भाग संपत होता.

वहिनी दातासाठी पुन्हा आल्या तेव्हा मी भीतभीतच विचारलं, बघणार का? त्या हो म्हणाल्या. ऑफिसात चित्रकार मुलीनं त्यांना बोट कसं फिरवायचं ते दाखवलं. त्या सावकाश चालत गेल्या, धुक्यातल्या एकेका माणसापाशी थांबत. नवरा सापडला. त्याचं तोंड त्यांनी पुसलं. भाग संपल्याची अक्षरं आली, तरी त्यांनी फोन खाली ठेवला नाही. शेजारीच पडलेल्या दुसऱ्या एका सैनिकावर त्या बोट दाबत राहिल्या. काहीच होईना.

"ह्याचं तोंड पुसाय येत न्हाय व्हय?"

"नाही काकी, फक्त नवऱ्याचं," मुलगी म्हणाली.

"मग ह्याचं कोण पुसायचं?"

 माझा विद्यार्थी दारात उभा होता, तो आत येऊन बसला. "करू या," एवढंच म्हणाला. त्यात ऑफिसातल्यांचे बरेच दिवस गेले, पण त्यानंतर मैदानावरच्या कुठल्याही माणसाचं तोंड पुसता यायला लागलं. त्याचे गुण मिळत नाहीत. भाग आपणहून संपत नाही, खेळणारा निघेल तेव्हाच संपतो.

गेम बाजारात आला. फार चालला नाही. बहुतेक लोक तो भाग वगळून पुढं जातात, हे विद्यार्थ्यानं मला स्क्रीनवर दाखवलं. त्यानं तो काढून मात्र टाकला नाही. आता तो गाड्यांच्या शर्यतीचा गेम करतोय आणि त्यात माझं काही काम नाही. मी घरी शिकवण्या घेते.

मी वहिनींना फोन करून सगळं सांगितलं.

"न बघंनात का," त्या म्हणाल्या. "ज्याला बघायचंय त्याला बघाय मिळतंय न्हवं?"

मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, तुमचा भाऊ लहानपणी कसा होता हो? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं. तो झाडावरून पडून हात मोडला तरी घरी न सांगता शाळेत जाऊन बसला होता, ते मी त्यांना सांगत राहिले. वहिनी मध्ये मध्ये हुंकार देत होत्या, आणि त्यांच्या मागं गोठ्यात कुणीतरी बादली आपटत होतं.