थर्माकोलवर बसलेली चिप

रंगमंचावर मी एकाहून एक दिमाखदार एंट्र्या पाहिल्या, पण आज सांगणार आहे ती माझ्या भाचीची गोष्ट. घरात तिला सगळे मुंगी म्हणतात. अंगाने बारीक, आणि धरलेलं काम काही केल्या न सोडणारी.

मुंगी अँटेना बनवते. छतावरचा नव्हे, तिळाएवढा. ज्या लहरी पकडायच्या त्यांची लांबीच जेमतेम काही मिलिमीटर, म्हणून अँटेना रिसीव्हरच्या चिपवरच कोरलेला. कारखान्यातून चिप आली आणि तपासणीच्या टेबलावर ठार बहिरी निघाली. साहेबांनी बजावलं, सोमवारच्या बैठकीत चिपला ऐकू आलं नाही, तर अँटेना चिपवरून काढून बाहेर जोडायचा. म्हणजे मुंगीची सगळी मेहनत पाण्यात.

रविवारी ती माझ्याकडे आली. मी कौतुकाने नव्या मिक्सरचं खोकं उघडलं, तर बाईसाहेबांनी आतला थर्माकोलचा ठोकळाच उचलला. "मावशी, हा नेऊ?"

"ने बाई. मिक्सर तेवढा ठेव."

तिच्या डोक्यात काय आलं ते मला नंतर कळलं. टेबलावर चिप थेट धातूवर ठेवलेली असे. लहर चिपमधून आरपार जाई, धातूवर आपटून परत येई आणि येणाऱ्या लहरीलाच गिळून टाकी. थर्माकोल मात्र लहरींना हवेसारखाच. बैठकीत तिने चिप ठोकळ्यावर बसवली आणि पडद्यावरची मेलेली रेघ ताडकन उभी राहिली. टाळ्या पडल्या. साहेब खूश होऊन म्हणाले, म्हणजे दोष आपल्या टेबलाचा होता तर.

इथे मान डोलावली असती तरी भागलं असतं. टाळ्या चालू असताना गप्प राहणं किती सोपं, ते आम्हा नाटकवाल्यांना विचारा.

मुंगी म्हणाली, "नाही सर. आपल्या यंत्रातही चिप धातूवरच बसणार. मी सगळा हिशेब चिपखाली मोकळी हवा धरून केला, चूक माझीच. खालचा धातू धरून पुन्हा आखते. अँटेना चिपवरच राहू द्या."

साहेब म्हणे बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "आखा. पण पुढच्या वेळी थर्माकोल आणलात तर दाराबाहेर ठेवीन. तुम्हालाही."

संध्याकाळी ती ठोकळा परत करायला आली. मधोमध चिपपुरती इवलीशी खाच होती. माझ्या बक्षिसांच्या कपाटात एक ढाल सरकवून मी त्याला जागा करून दिली.