सत्तर बाजारांचा वायदा

माझ्या मामांइतकी जगाच्या अंताची काळजी वाहणारा माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात दुसरा नसेल, आणि त्या काळजीपायी माझं जेवढं नुकसान झालं तेवढं खऱ्या जगबुडीनंही झालं नसतं. वडवणीच्या आठवडी बाजारात एका पाद्र्यानं त्यांच्या हातात एक फुकटचं पुस्तक ठेवलं. त्यात यहुद्यांच्या कुणा जुन्या संदेष्ट्याला पडलेली स्वप्नं होती. समुद्रातून एकाहून एक अक्राळविक्राळ जनावरं वर येतात आणि त्यावरून पुढं काय घडणार ते ओळखायचं. मामांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, पण जनावरं झटक्यात ओळखली. चार डोक्यांचा चित्ता म्हणजे पाटलांचे चौघे भाऊ. तोंडात तीन फासळ्या धरलेलं अस्वल म्हणजे आमचा गिरदावर, कारण महसुलाच्या तपासणीला आला की तो कोंबडीची हाडंसुद्धा शिल्लक ठेवत नसे. हे मनात ठेवतील तर मामा कसले! भर चावडीत, खुद्द गिरदावरासमोर त्यांनी हा अर्थ सांगितला, आणि पुढं तीन दिवस मी त्या अस्वलाची समजूत काढत हिंडत होतो.

दुसरं स्वप्न पुतळ्याचं. डोकं सोन्याचं, पण पायांत माती, म्हणून तो कोसळला. "माती दगा देती," असं मामांनी नेमकं कुंभाराच्या दारात उभं राहून सांगितलं. "माज्या मातीला कावून नावं ठेवता, तात्या?" म्हणत कुंभारानं त्यांना मडकी देणंच बंद केलं. मग सबंध उन्हाळा गोदा तांब्याच्या हंड्यातलं कोमट पाणी पीत कडाकडा बोटं मोडत होती.

गोदा ही त्यांची एकुलती एक लेक. ती रांगत होती तेव्हाच मामी गेल्या. मामाची मुलगी भाच्याला द्यायची ही आमच्याकडची रीतच, आणि आमचंही लहानपणीच ठरलेलं. पण पुस्तकात सत्तर आठवड्यांची मुदत निघाली. मग सगळं संपणार! आठवडा म्हणजे बाजार, तेव्हा सत्तर बाजार होईतो घरात कार्य करायचं नाही, असं मामांनी माझ्या आईला बजावलं. बाजार करून आले की भिंतीवर कोळशाची एक रेघ. प्लेगात पाच महिने बाजार भरलाच नाही, ते आठवडे धरायचे नाहीत. मामा स्वतः गेले नाहीत तर तोही बाजार बाद! साठावी रेघ झाल्यावर तर ऐन बाजारादिवशी त्यांचा गुडघा धरू लागला. गोदानं विशी ओलांडली, लोक नाही नाही ते बोलू लागले, आई माझ्यासाठी दुसरी मुलगी बघायला निघाली. एकदा विहिरीवर गोदा मला म्हणाली, "तुमी बी कटाळला असाल तर सांगून टाका. म्या न्हाई रडनार." आणि लगेच रडली.

त्या दिवशी माझं डोकंच फिरलं. तिथून पुढं दर बाजाराला मी आदल्या दिवशीच मामांच्या गावी येऊन बसायचो आणि मामांना गुडघ्यासकट उचलून बैलगाडीत घालायचो. असा सत्तरावा बाजार झाला. मिरच्या खपल्या, बैल विकले गेले, आभाळ होतं तिथंच राहिलं. "झालं का समाधान?" मी खेकसलो. मामा परतताना म्हणाले, "गाडी हळू हाक की रं, कसली घाई हाय?" अर्धी वाट सरली तेव्हा बैलांकडं बघत म्हणाले, "आता मला भाकरी थापाया शिकाया लागंल. गोदीनं कधी चुलीपशी येऊच दिलं न्हाई."

या माणसाला मी दोन वर्षं काय काय बोललो होतो! एकट्या घराला भिऊन त्यांनी सगळ्या जगाचा अंत पुढं केला होता, आणि मला ते दिसलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. मी कासरा ओढून बैल हळू केले.

लग्न झालं. आमच्याकडं राहायला या म्हटलं, तर लेकीच्या घरी राहायचं नसतं म्हणून मामा हटून बसले. गोदाला माहेरी सोडायला गेलो की तिला बाजूला सारून ते स्वतःच्या हातची भाकरी माझ्या पुढ्यात ठेवायचे, एका बाजूनं करपलेली, दुसऱ्या बाजूनं कच्ची, आणि माझ्या तोंडाकडं बघत बसायचे. मी दरवेळी दुसरी मागून घेतली.