कार्डाच्या पुढच्या ओळी

नवीन वर्षाच्या सकाळी आमच्या घरी कॉफीच्या आधी वचन येतं. सासूबाई स्टीलच्या ताटात छापील कार्डं पालथी मांडतात आणि प्रत्येकाने डोळे मिटून एक उचलायचं असतं. कार्डावर बायबलमधलं एखादं वाक्य असतं, ते त्या माणसाचं वर्षभराचं वचन. इकडच्या अनेक तमिळ ख्रिस्ती घरांत ही पद्धत आहे. कोणी कार्ड पर्समध्ये ठेवतं, कोणी भिंतीला चिकटवतं. मी मात्र ते वाक्य कोणत्या अध्यायातून कापून आणलंय ते आधी बघते. सासूबाईंना हे खपत नाही.

"देवाने दिलेलंसुद्धा उलटून पालटून बघशील?"

उलटून पालटून बघण्याचाच मला पगार मिळतो. कुंभकोणमच्या एका साड्यांच्या दुकानात, दारासुरम् आणि तिरुभुवनम् इथल्या विणकरांकडून आलेल्या रेशमी साड्या तपासून घेणं हे माझं काम. पदर सगळेच देखणा विणतात. मी साडी पूर्ण उलगडून उजेडात धरते, कारण दोष सापडतो तो आतल्या घड्यांत.

बायबलही मी तसंच वाचायला घेतलं. माझं माहेर मराठी, वैष्णव; इकडे मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा येऊन राहिलेल्यांपैकी. तमिळ ख्रिस्ती माणसाशी लग्न ठरवलं तेव्हा माहेरी सगळ्यांनी बजावलं, हे लोक आधी गोड बोलतात. म्हणून लग्नानंतर रोज सकाळी भाताचा कुकर लावला की मी पहिल्या पानापासून वाचत गेले. यांनी नक्की काय लपवलंय ते कळायला हवं होतं. प्रत मुद्दाम मराठी मागवली. तमिळ वाचताना माझे डोळे पळतात. आणि त्या पुस्तकातली मराठी आमच्या घरच्या जुन्या मराठीहून इतकी वेगळी, की ओळीओळीवर थांबावं लागायचं.

लपवलेलं काही सापडलं नाही. उलट आपल्याच राजांच्या लबाड्या आणि आपल्याच शिष्यांचा भित्रेपणा त्या पुस्तकाने उघड लिहून ठेवला होता. घरच्या माणसांचे दोष न झाकणाऱ्या त्या पुस्तकावर माझा हळूहळू भरवसा बसला. शेवटचं पान झालं की पुन्हा पहिलं, असं चालू राहिलं आणि बाप्तिस्मा मी बऱ्याच वर्षांनी घेतला. माझ्या विश्वासाची सुरुवात अशी संशयातून झाली, हे मी चर्चमध्ये सांगत नाही. तिथे रडून आलेली माणसं जास्त आवडतात.

त्या वर्षी प्रश्न नणंदेचा होता. ती अविवाहित, शाळेत शिकवते, आमच्याबरोबरच राहते आणि मला अण्णी म्हणते, म्हणजे वहिनी. तिच्या गर्भाशयात गाठ होती. रक्त जाऊन जाऊन ती पांढरीफटक पडली होती, शाळेचा जिना चढताना मध्येच बसायची. ऑपरेशन लांबवू नका, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. नणंद म्हणाली, ख्रिसमस होऊ दे. ख्रिसमस झाला. मग नवीन वर्ष आलं आणि तिने कार्ड उचललं. तुझी प्रार्थना ऐकली, तुझी आसवं पाहिली, मी तुला बरं करीन, अशा अर्थाचं वचन होतं.

"झालं," ती म्हणाली. "आता ऑपरेशनचं नाव काढायचं नाही."

मला त्या कार्डाचा तिथेच संशय आला. कार्डं ताटभर सारखी पसरलेली असतात. हे एकच कडेला सरकलेलं होतं, आणि ताट पुढे येताना ती कडा नेमकी नणंदेच्या हाताखाली आली होती.

स्वयंपाकघरात मी सासूबाईंना गाठलं. "अत्तै, ते कार्ड तुम्ही सरकवलंत?"

त्या नारळ खवत राहिल्या. "कुठलं?"

"तुम्हाला माहीत आहे कुठलं."

"सरकवलं. आईने नाही सरकवायचं तर कोणी? तुझे सासरे आपल्या पायांनी ऑपरेशनला आत गेले. परत कसे आणले ते तू पाहिलं नाहीस."

"म्हणून मुलीला घरात सुकवायचं?"

"ही तुझी दुकानातली जीभ दुकानातच ठेव."

नणंदेला सांगून टाकणं सोपं होतं. पण ती आईवर चिडली असती आणि तिची भीती होती तिथेच राहिली असती. म्हणून सुट्टी संपल्यावर एका संध्याकाळी ती शाळेतून आली तेव्हा म्हटलं, "तुझं वचन ज्या अध्यायात आहे, तो पूर्ण वाचू."

"मी रोज वाचते. मोबाइलवर येतं की."

"ते फुलांच्या चित्रावर एक वाक्य येतं. त्याला वाचणं म्हणत नाहीत."

तोंड वाकडं करून तिने आपलं तमिळ बायबल काढलं. राजांच्या दुसऱ्या पुस्तकातली गोष्ट. राजा मरणाला टेकलेला असतो, भिंतीकडे तोंड फिरवून रडतो, आणि संदेष्टा त्याला देवाचं ते वचन आणून देतो. तिथे ती थांबली आणि माझ्याकडे विजयी नजरेने पाहू लागली.

"पुढच्या ओळी," मी म्हटलं.

पुढच्या ओळींत तोच संदेष्टा अंजिरांची ढेप आणायला सांगतो. लोक ती राजाच्या गळवावर बांधतात आणि मग राजा बरा होतो.

तिने त्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मग म्हणाली, "अण्णी, तू पण कार्डच काढलंस. तुझं अंजिरांचं, एवढंच."

हे मला लागलं, कारण ते खरं असू शकत होतं. गिऱ्हाइकाला हवा तोच रंग समोर टाकणारे विक्रेते मी रोज बघते.

"मग माझ्यावर विश्वास ठेवू नकोस," मी म्हटलं. "पुढे वाच. मागचंही वाच."

तिने वाचलं. बरा झालेला राजा परदेशी पाहुण्यांना आपला सगळा खजिना दाखवत सुटतो. "तब्येत आली आणि अक्कल गेली!" असं म्हणून ती खूप दिवसांनी हसली. दुसऱ्या दिवशी कुकर लावला तेव्हा ती आपलं पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आली. मग रोजच येऊ लागली. मी ऑपरेशनचा विषय काढला नाही. ती वाचायला येते की मला गप्प ठेवायला, याचीही मला खात्री नव्हती.

एका सकाळी ती पुन्हा त्याच अध्यायावर गेली. "भिंतीकडे तोंड फिरवतो, म्हणजे हा राजापण घाबरला होता."

"घाबरेल नाही तर काय."

"अम्माने ते कार्ड माझ्याकडे सरकवलं ना, मी बघितलं होतं."

"डोळे मिटायचे असतात."

"तू मिटतेस?"

मी मिटत नाही. "मग उचललंस कशाला?"

"मला तेच हवं होतं." तिने पुस्तक मिटलं. "डॉक्टरची वेळ घे. तूच घे. मी घेतली तर रद्द करीन."

हॉस्पिटलमध्ये नर्सने दागिने उतरवायला सांगितले. कानातलं आणि साखळी तिने आईकडे दिली. पर्समधलं कार्ड काढून माझ्याकडे दिलं. "फेकू नकोस हं." मी ते माझ्या मराठी प्रतीत, त्याच्या अध्यायात ठेवलं. सासूबाई दारावर नजर लावून बसल्या होत्या. एकदाही त्यांनी मला पुढच्या ओळी सांग म्हटलं नाही, आणि मीही सांगितल्या नाहीत. फक्त कॉफी आणून दिली, ती त्यांनी गार होऊ दिली.

नणंद बाहेर आली. आता शाळेचा जिना न थांबता चढते. सासूबाई म्हणतात, वचनाने बरी झाली. मी म्हणते, अंजिरांनी. नणंद दोघींना म्हणते, गप्प बसा.

यंदा ताट माझ्यासमोर आलं तेव्हा एक कार्ड माझ्या बाजूला सरकलेलं होतं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी तेच उचललं आणि सवयीप्रमाणे पुस्तक आणायला उठले.

"मोठ्याने वाच," मागून सासूबाई म्हणाल्या. "पुढे काय आहे तेही."